बसवलं, पण चालू नाही: एका सीएसआर प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

टी.वाय.बी.बी.ए.च्या शेवटच्या सत्रात आम्हाला ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) होतं. चार क्रेडिट, १२० तास. वर्गातल्या बहुतेकांनी बँक, सीएचं ऑफिस किंवा डिजिटल मार्केटिंगची एजन्सी धरली. मी एका स्वयंसेवी संस्थेत गेले. व्यवसायातली नीतिमत्ता आणि सामाजिक जबाबदारी हा पेपर मला मनापासून आवडला होता आणि परीक्षेत लिहिलेली उत्तरं गावात कशी दिसतात हे बघायचं होतं. त्या दोन महिन्यांची ही हकीकत. कंपनी, संस्था, गाव, माणसं, कुणाचंच नाव देत नाही. प्रकल्पाचे आकडे ओळख पटू नये इतपत मागेपुढे केले आहेत, त्यांचं आपसातलं गणित मात्र तसंच ठेवलं आहे.

संस्था कंपन्यांचे सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचे, प्रकल्प राबवते. माझ्याकडे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीचा प्रकल्प आला. शिरूर-दौंडच्या बाजूच्या सहा गावांत आदल्या वर्षी पाणी शुद्ध करायची आरओ यंत्रं बसवली होती. तासाला ५०० लिटरचं यंत्र, पत्र्याची शेड, कॉइन बॉक्स, पाच रुपयांचं नाणं टाकलं की २० लिटरचा जार भरणार. एका गावाचा खर्च साडेआठ लाख, सहा गावांचे ५१ लाख.

गरज खरी होती, हे आधी सांगते. त्या भागात बोअरचं पाणी मचूळ लागतं. डाळ लवकर शिजत नाही, हंड्याच्या आतून पांढरा थर धरतो. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० हे भारतीय मानक आहे. त्यात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलं जातं. मी ज्या गावाबद्दल लिहिते आहे तिथल्या बोअरचं पाणी संस्थेच्या क्षेत्र समन्वयकांच्या खिशातल्या मीटरवर १,६४० दाखवत होतं. कागदावर 'चालवून घेण्याजोगं'. पण ते प्यायला तोंडाला लावलं की कळतं.

कायद्यात हे कुठे बसतं

हे थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं यातूनच निघतं. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. आदल्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. आमच्या कंपनीचा सरासरी नफा ३० कोटींच्या आसपास, म्हणजे वर्षाला ६० लाख. कोणत्या कामांवर खर्च चालतो ते सातव्या परिशिष्टात दिलं आहे, त्यात सुरक्षित पिण्याचं पाणी पहिल्याच कलमात येतं. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. इथपर्यंत सगळं नीट.

२०२१ च्या जानेवारीत नियम बदलले. दिलेला पैसा मंजूर कामासाठीच वापरला गेला याची खात्री संचालक मंडळाने करायची आणि तसं प्रमाणपत्र कंपनीच्या वित्त प्रमुखाने द्यायचं. पैसा खर्चही केला नाही आणि ठरलेल्या निधीत वा खात्यात भरलाही नाही, तर त्या रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी, यातला जो कमी तो दंड. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये संस्थेतले फोन दिवसभर वाजत असतात.

मी हे नियम वाचत बसले होते तेव्हा एका शब्दापाशी अडकले. नियम विचारतो, पैसा वापरला गेला का? आमच्या गावात पैसा पूर्ण वापरला गेला होता. पाणी वापरलं जात नव्हतं.

परिणाम मोजायची अटही नियमांत आहे. पण ती लागू होते जिची सीएसआरची जबाबदारी सरासरी १० कोटी वा त्याहून जास्त आहे अशा कंपनीला, आणि तिच्याही एक कोटी वा जास्त खर्चाच्या प्रकल्पांना. साठ लाखांची कंपनी या अटीच्या बाहेरच राहते. म्हणजे तिच्या सहा गावांत प्रत्यक्ष काय झालं हे बघायची कायद्याने कुणावर सक्ती नव्हती. बघायला गेली ती ओजेटीची मुलगी, तीसुद्धा कंपनीसाठी प्रकल्पाच्या माहितीचा तक्ता भरायचा होता म्हणून.

अडचण

तक्त्यात पाच रकाने होते: गाव, कुटुंबं, लाभार्थी संख्या, दररोज वितरित पाणी लिटरमध्ये, फोटो. लाभार्थी संख्या आधीच भरलेली होती. या गावापुढे ३,१४०. हा आकडा गावाच्या लोकसंख्येचा होता. २०११ च्या जनगणनेवर ग्रामपंचायतीने अंदाजाने चढवलेला. गावात यंत्र बसलं की पाळण्यातल्या बाळापासून सगळं गाव लाभार्थी, असा हिशेब.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी आणि समन्वयक मोटारसायकलवर गेलो. मी त्यांना दादा म्हणायची, इथेही तसंच म्हणते. शेडला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडे, शिपाई लग्नाला गेलेला. जाळीच्या दारातून आत दिसत होतं: मीटरची पेटी उघडी, वायर सुटलेली, कोपऱ्यात दोन निळे जार धूळ खात पडलेले. कॉइन बॉक्स बाहेरच्या भिंतीत होता. नाणं टाकायच्या फटीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. ते बोटाने चाचपून पाहिलं, चांगलं कडक वाळलेलं होतं. असं घर बांधून वाळायला किती दिवस लागत असतील, हाच विचार मी तिथे उभी राहून करत होते. वर पाटीवर कंपनीचं नाव, उद्घाटनाची तारीख आणि 'शुद्ध पाणी, निरोगी गाव'.

समोरच्या घरातल्या आजी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. "ते फिल्टर व्हय? त्याला दिवाळीपासनं कुलूप हाय, बाळा." मग पाणी कुठलं पिता, विचारलं. सून असते तेव्हा जार येतो, खासगी गाडीवाला २० रुपयाला देतो. सून ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशेबाला जाते, ती नसली की बोअरचंच. त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं. नाही म्हणवलं नाही.

ग्रामपंचायतीत वही पाहिली आणि बंद पडण्याचं कारण उलगडलं. यात कुणीही पैसा खाल्लेला नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वर्गात ही गोष्ट सांगितली की पहिला प्रश्न तोच येतो. उन्हाळ्या-हिवाळ्यात दिवसाला ६० जार जायचे. पाच रुपयांनी महिन्याला ९,००० रुपये. यंत्र चालवणाऱ्या मुलाला ४,५००, वीजबिल सुमारे ३,०००, उरले १,५००. पावसाळ्याचे चार महिने लोक जार घेत नाहीत, विक्री ३५ वर येते. ३५ जारांचे महिन्याला ५,२५०, खर्च तोच ७,५००, म्हणजे दरमहा २,२५० ची खोट. आठ महिन्यांची शिल्लक १२,०००, चार महिन्यांचा तोटा ९,०००. वर्षाअखेर हातात ३,००० रुपये. आणि मेंब्रेन, कँडल हे पाणी गाळायचे भाग आणि किरकोळ दुरुस्ती यांचा वर्षाचा खर्च २५,०००. यंत्र पहिल्या पावसाळ्यातच बंद पडणार होतं, हे उद्घाटनाच्या दिवशी पाटीमागे खडूने मांडता आलं असतं. तसंच झालं. पावसाळ्यातलं ११,४०० रुपयांचं वीजबिल थकलं आणि दिवाळीनंतर वायरमनने जोडणी तोडली.

बिल कुणी भरायचं? हस्तांतरण पत्रात स्पष्ट होतं: ग्रामपंचायतीने. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती लाभार्थ्यांचा गट, नोंदणीकृत संस्था किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडे द्यावी लागते. म्हणून यंत्र ग्रामपंचायतीला दिलं, ते नियमाला धरून होतं. फक्त यंत्रासोबत २२,००० रुपयांचा वर्षाचा खड्डाही दिला गेला आणि तो कुठल्याच कागदावर लिहिला गेला नाही.

समोर असलेले पर्याय

परत येताना दादांनी चहाला गाडी थांबवली आणि म्हणाले, "तू ३,१४० तसंच ठेव." मी गप्प बसले. त्यांना ते समजलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही हलकं मानत नाही. पुढच्या वर्षी आणखी दोन गावांचा प्रस्ताव आहे. त्यातल्या एका गावचे सरपंच फाइल घेऊन तीनदा येऊन गेले आहेत. तिथे टँकर लागतो. 'बंद' असा शब्द कंपनीकडे गेला तर ती दोन गावं जातील, कदाचित चालू असलेल्यांकडेही कुणी बघणार नाही. "एका गावाचं खरं लिहून दोन गावांचं पाणी तोडायचं का, तूच सांग."

मला उत्तर आलं नाही. एमबीए झालेल्या माझ्या मामेभावाने रात्री फोनवर सहज सांगितलं, "खोटं ते खोटं." त्याने ते गाव पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादांनी मधला मार्ग काढला. लाभार्थी संख्या सोडून दे, पाण्याच्या रकान्यात यंत्राची क्षमता लिही. तासाला ५०० लिटर, दिवसाला आठ तास, ४,००० लिटर. "यात खोटं काय आहे? मशीनची क्षमता आहेच तेवढी." दोन दिवस मी या वाक्यात अडकले होते, आणि या प्रकरणातली माझ्यासाठी सगळ्यात अवघड जागा हीच. सरळ खोट्याला नाही म्हणणं त्या मानाने सोपं असतं. ४,००० हा आकडा खरा होता. पण रकाना 'वितरित पाणी' असा होता. खरा आकडा चुकीच्या रकान्यात बसवला की वाचणाऱ्याच्या मनात खोटंच उतरतं, आणि ते आपण उतरवलेलं असतं. हे मला वहीत लिहून काढल्यावर दिसलं, डोक्यात नुसतं फिरत होतं तोवर दिसत नव्हतं.

गावाची ओळ रिकामी सोडायची, असंही मनात आलं होतं. ओजेटी संपेल, मार्क मिळतील, मी मोकळी. पण रिकामी ओळ कुणीतरी दुसरं ३,१४० नेच भरणार हे दिसत होतं. कंपनीला निनावी कळवायचाही विचार केला, तो लगेच सोडला. बंद कुलपाबद्दल निनावी पत्र लिहायची काय गरज, ते तर भर रस्त्यावर लटकत होतं.

राहिला एकच मार्ग: जे पाहिलं ते माझ्या नावाने, तारखेसकट लिहायचं.

केलेली कृती

मी कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी काय लिही हे सांगितलं नाही, कसं लिही ते सांगितलं. एक, स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं वेगळं लिही. दोन, पाठवण्याआधी समन्वयकांना दाखव.

पहिली गोष्ट मी नीट केली. तक्त्याला दोन रकाने जोडले, 'भेटीच्या दिवशी चालू का' आणि 'बंद असल्यास कधीपासून, कारण'. उरलेल्या पाच गावांत पुन्हा जाऊन ते भरले. चार ठिकाणी यंत्र व्यवस्थित चालू होतं. एका गावात तर महिला बचत गट ते चालवत होता, जारांची नोंद तारीखवार आणि गल्ल्यातला हिशेब रुपयापर्यंत जुळलेला. एका ठिकाणी मोटार वरचेवर जळत असल्याने आठवड्यातून तीन दिवसच पाणी मिळायचं. आणि एक बंद. लाभार्थी संख्येत मी वहीतल्या जारांवरून काढलेल्या कुटुंबांतल्या माणसांची संख्या लिहिली. सहा गावांचा १५,००० च्या वरचा आकडा ४,००० च्या आत आला. जोडीला कुलपाचे, मीटरच्या पेटीचे फोटो आणि वर मांडला आहे तो जमाखर्च एका पानावर.

दुसरी गोष्ट मी केली नाही. दादा थांबवतील अशी भीती वाटली. गुरुवारी रात्री साडेअकराला मी तक्ता संस्थेच्या ऑफिसला मेल केला आणि कंपनीच्या सीएसआर अधिकाऱ्यांचा पत्ता सीसीमध्ये टाकला. दादांना ते शुक्रवारी सकाळी वरिष्ठांच्या फोनवरून कळलं. त्या वेळी ते त्याच सहा गावांपैकी एका गावात मोटार दुरुस्त करणाऱ्याला घेऊन गेले होते.

परिणाम

सोमवारी ऑनलाइन बैठक झाली. कंपनीच्या सीएसआर अधिकारी बाई चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी जमाखर्चाचं पान पडद्यावर लावलं आणि दहा मिनिटं त्यावरच प्रश्न विचारले. पावसाळ्यात विक्री किती पडते, बचत गटाच्या गावात तोटा का होत नाही, मेंब्रेन किती दिवस टिकतं. वित्त विभागाच्या साहेबांनी एकच विचारलं: गेल्या वर्षीच्या प्रमाणपत्रात काही चूक आहे का? चूक नव्हती. पैसा यंत्रांवरच खर्च झाला होता, पावत्या जुळत होत्या.

मग कंपनीने निर्णय फिरवला. नवी दोन गावं रद्द. त्याऐवजी आहेत त्या सहा यंत्रांची देखभाल, बहुवर्षीय प्रकल्प म्हणून. कायद्यात अशी सोय आधीपासूनच आहे. चालू प्रकल्प म्हणून मंजूर केला तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालवता येतो आणि न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येते. पहिल्या वर्षीच असं केलं असतं तर मेंब्रेनचा पैसा बाजूला राहिला असता. खरेदी, उद्घाटन, हस्तांतरण असा एका वर्षात मिटणारा प्रकल्प मांडला, तिथेच हे ठरून गेलं होतं.

ग्रामपंचायतीने थकलेलं बिल दोन हप्त्यांत भरलं. जूनमध्ये यंत्र सुरू झालं. ग्रामसभेने जारचा दर पाचाचा सहा रुपये केला आणि नाण्याऐवजी कार्ड आलं. एका रुपयाने काय होतं? साठ जारांना महिन्याला १,८०० रुपये वाढतात, वर्षाचा खड्डा २२,००० वरून साडेतीन हजारांच्या आसपास येतो, आणि तेवढा कंपनीच्या देखभाल निधीतून भरता येतो.

पण दादांचं म्हणणंही खरं ठरलं. दोन गावं गेली. फाइल घेऊन येणारे सरपंच एप्रिलमध्ये पुन्हा आले होते, मी तेव्हा ऑफिसात होते. त्यांना नकार कुणामुळे आला हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला नमस्कार केला. त्या गावाला त्या उन्हाळ्यातही टँकरच आला. माझ्या खऱ्या तक्त्याची ही किंमत मी भरलेली नाही, त्यांनी भरली, हे इथे नोंदवणं मला भाग आहे.

आणि दादांचा करार ३१ मार्चला संपला तो वाढवला नाही. कारण तोंडी सांगितलं: कामाची फेररचना. त्यांना दोन लहान मुलं आहेत. मला ओजेटीत पैकीच्या पैकी मार्क मिळाले, प्रमाणपत्रावर 'उत्कृष्ट सचोटी' असा शेरा आला. ते प्रमाणपत्र मी अजून फाइलला लावलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मे महिन्यात मी दादांना भेटायला गेले. माफी मागायची होती. त्यांनी फोन काढून मला दोन मेसेज दाखवले. पहिला नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला, संस्थेच्या ऑफिसच्या ग्रुपवर: गावाचं नाव, 'लाईट कट झाली, बिल ११,४००, काय करायचं ते कळवा', सोबत मीटरच्या पेटीचा फोटो. माझ्या फोटोत होती तीच पेटी. दुसरा पंधरा दिवसांनी, वरिष्ठांना खासगी: 'साहेब, त्या गावाचं काय ठरलं?' खाली दोन निळ्या टिका. उत्तर नाही.

म्हणजे खरी माहिती माझ्या तीन महिने आधी निघाली होती. ती वर गेली आणि वरच थांबली. ज्या माणसाने ती पाठवली त्यालाच मी लपवाछपवी करणारा समजले आणि मध्यरात्री त्याला वळसा घालून मेल केला. फेब्रुवारीत त्यांनी ३,१४० ठेव म्हटलं ते चूकच होतं, ते स्वतःही आता तसंच म्हणतात. पण दोनदा कळवून उत्तर न आलेला, मार्चअखेर करार संपणारा माणूस तिसऱ्यांदा का बोलत नाही, हे कळायला मला नीतिमत्तेच्या पेपरची गरज नव्हती. एक प्रश्न विचारायला हवा होता: "दादा, तुम्हाला हे कधी कळलं? तेव्हा तुम्ही कुणाला सांगितलं?" चहाच्या टपरीवर तो प्रश्न विचारला असता तर ते दोन मेसेज माझ्या तक्त्याला जोडले गेले असते. कारणाच्या रकान्यात 'समन्वयकांनी नोव्हेंबरमध्ये दोनदा कळवले' अशी ओळ असती. मग कंपनीचा प्रश्न त्यांच्या दिशेने न येता, उत्तर न देणाऱ्यांकडे गेला असता.

मॅडमच्या दुसऱ्या सूचनेचा अर्थ मला तेव्हा फक्त सभ्यता असा वाटला होता. ती माहिती पूर्ण करायची पद्धतही होती. आधी दाखवलं असतं आणि दादांनी अडवलं असतं, तरी मी 'दाखवलं, त्यांचं म्हणणं असं' एवढं लिहून पाठवू शकले असते. त्याने माझं काहीच अडत नव्हतं.

नव्या दोन गावांबद्दलही मी तक्त्यात एक शब्द लिहिला नव्हता. मला बंद गाव दिसलं होतं, टँकरचं गाव दिसलं नव्हतं, म्हणून. जमाखर्चाच्या पानावरच 'एका गावाच्या देखभालीला वर्षाला २२,००० लागतील, सहाही गावांत असंच धरलं तरी सव्वा-दीड लाखात भागतं, नवीन गावं थांबवण्याची गरज नाही' असं मांडता आलं असतं. साठ लाखांतले दीड लाख. आकडे माझ्याकडे होते. मी चूक दाखवून थांबले, पुढचं गणित केलं नाही, आणि ते न केल्यामुळे कंपनीला 'नवीन की जुनं' असे दोनच पर्याय दिसले.

आजींचा प्रश्नही सुटलेला नाही. सहा रुपयेसुद्धा त्या रोज काढत नाहीत. शेजारचा मुलगा दोन दिवसांआड एक जार आणून देतो, तो पुरवून पुरवून वापरतात, बाकी बोअर. एकट्या म्हाताऱ्या माणसांना जार फुकट द्यावा असं मी ग्रामसेवक भाऊसाहेबांना सुचवलं आहे. ग्रामसभेपुढे विषय ठेवू म्हणाले.

दादांच्या परवानगीने जूनमध्ये मी संस्थेला पत्र लिहिलं. दोन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट जोडले, माझ्या अहवालात ही माहिती यायला हवी होती आणि ती मी घेतली नाही असं लिहिलं, प्रत कंपनीच्या अधिकारी बाईंना दिली. या वेळी पाठवण्याआधी ते पत्र दादांना वाचून दाखवलं. त्यांनी एक शब्द बदलायला लावला: 'दुर्लक्ष' च्या जागी 'उत्तर आले नाही'. संस्थेकडून अजून काही आलेलं नाही. दादा आता दौंडच्या बाजूला पाणलोटाच्या कामावर रोजंदारीने जातात. कंपनीच्या बाईंचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. प्रकल्पाच्या फाइलमधल्या त्या गावाच्या पानाचा फोटो त्यांनी पाठवला होता. 'बंद होण्याची तारीख' पुढे नोव्हेंबर लिहिलं होतं आणि त्याखाली, दुसऱ्या शाईत, 'कळवले: क्षेत्र समन्वयक, दोन वेळा'.